सहा हजारांची नजर

उच-बुलाक, २ सप्टेंबर २००४

माझ्या बहिणीच्या लेकी, बुरुलचा,

आम्ही सगळे ठीक. गवत कापून रचून झालं, मेंढ्या वरच्या कुरणातून खाली आल्या. तुझी मामी, तुझी तायजेंगे, चुलीपाशी बसून मी काय लिहितो त्यावर लक्ष ठेवून आहे. तिने तुझ्यासाठी सुकवलेल्या दह्याचे गोळे जेनिशच्या गाडीतून धाडलेत. जेनिश गाडी चालवताना तोंडही चालवतो, तेव्हा पिशवी किती हलकी होऊन पोचली ते कळव. परत आला की त्याची हजेरी घेतो.

आता काम. कोक-जारची दरी सरकार दहा वर्षांच्या कराराने देणार आहे. अर्ज दोनच. एक आमच्या शिकारी मंडळाचा, म्हणजे आम्ही अठरा जण आणि प्रमुख तुझा हा मामा. दुसरा तुमच्या बिश्केकमधल्या एका कंपनीचा. वीस नोव्हेंबरला समिती येणार. दोन्ही पक्षांनी तिच्यासमोर डोंगरी बोकडांचे कळप मोजून दाखवायचे. निदान पस्तीस जनावरं, त्यात पाच तरी दहा वर्षांवरचे नर. जो दाखवील त्याची दरी. कंपनीला मिळाली तर तोंडाशी फाटक बसेल. मग शिकार राहू दे, सरपणाची काटकीही आपल्याला त्यांना विचारून उचलावी लागेल. माझ्या आजोबांनी ज्या खडकावर बसून नेम धरला, तिथे जायला मी चिठ्ठी घ्यायची का?

कंपनीच्या माणसाचं नाव एर्मेक. त्याच्याकडे एक परदेशी नळी आहे, एका डोळ्याने बघायची. जीपच्या किमतीची आहे म्हणतात. साठ पट मोठं दाखवते. माझी जुनी दुर्बीण मे महिन्यात दगडावर पडून फुटली. मंडळाने मिळून सहा हजार सोम जमवलेत, जेनिशकडे पाकिटात आहेत. त्यात एक दुर्बीण आण आणि एक नळी आण. आकडा एर्मेकपेक्षा कमी नको. तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस, काच कळते तुला. इथे सगळ्यांना मी छातीठोक सांगितलंय की माझी भाची फसणार नाही.

तुझा तायाके,
शारशेन


बिश्केक, १२ सप्टेंबर

आदरणीय तायाके,

पिशवी अर्धी पोचली. जेनिशबाइके म्हणाले, दही वाटेत आणखी सुकलं.

रविवारी बाजारात गेले. पहिल्याच दुकानात एक पोपटपंची करणारा भेटला. त्याच्याकडच्या दुर्बिणीची भिंगं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल आणि वर छापलेलं, शंभर पट. किंमत तेराशे. तुमच्या मंडळाने ती डोळे झाकून घेतली असती. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं तर समोरची पाटी वाचता येईना. लाल भिंग अर्धा उजेड परत फेकतं, डोळ्यापर्यंत काय उरणार? मी त्याला म्हटलं, शंभर पट काय मोठं होतं यात, किंमत? त्याने मला दुकानाबाहेर काढलं.

तायाके, मोठ्या आकड्याचं वेड सोडा. पुढच्या भिंगाच्या रुंदीला पटीने भागायचं, जे उत्तर येतं तेवढ्या भोकातून उजेड डोळ्यात येतो. भिंग चाळीस मिलिमीटरचं आणि पट आठ, तर भोक पाचाचं. तेच भिंग आणि पट चाळीस, तर भोक एकाचं. पहाटे आणि दिवस कलताना, जेव्हा बोकड चरायला बाहेर पडतात, तेव्हा एकाच्या भोकातून काळोख दिसतो. शिवाय पट वाढली की दिसणारा डोंगराचा तुकडा लहान होतो. साठ पटीने कळप शोधणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून शेळी शोधणं.

म्हणून माझं मत असं. शोधायला आठ पटीची दुर्बीण. सापडल्यावर शिंगं बघायला तीस पटीची नळी. आणि दोन्ही ठेवायला घट्ट तिपाई. पण आधी तुम्ही मला तीन गोष्टी सांगा. किती लांबून बघणार? दिवसाच्या कोणत्या वेळी? आणि कुठून?

आणखी एक. तुमच्या दुर्बिणीचा पट्टा जन्मभर तुमच्या गळ्यात पाहिलाय मी. जेवतानाही. ती एकटी दगडावर कशी पडली?

तुमची,
बुरुलचा


उच-बुलाक, २० सप्टेंबर

बुरुलचा,

तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं, चूक झाली. आठ पट ऐकून तुर्गुन इतका हसला की त्याच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला. म्हणतो, शारशेनबाइके, आठ पट तर माझी बायको पण करते, एक चूक केली की आठ करून सांगते. सगळे खिदळले. मीही हसलो. काय करणार.

विचारलंस ते ऐक. नदीपासून खालच्या खडकांपर्यंत एक किलोमीटर धर, नोव्हेंबरात नर माद्यांमागे तिथवर उतरतात. समिती दुपारी येईल आणि अंधार पडायच्या आत जाईल, साहेबलोकांना थंडी वाजते. कुठून बघणार, तर जिथून नेहमी बघतो तिथून.

तुझा भागाकार मी जमिनीवर काटकीने करून पाहिला. पटला. पण पटलं म्हणून मंडळात सांगितलेलं नाही. तू तुझ्या आईसारखी आहेस, एकदा म्हटलं की म्हटलं. घे तुला हवं ते. मात्र नळी दिसायला दणदणीत असू दे, एर्मेकच्या शेजारी ठेवायची आहे.

पट्ट्याचं काय घेऊन बसलीस. जुना होता, तुटला.

शारशेन


बिश्केक, ४ ऑक्टोबर

आदरणीय तायाके,

घेतलं. तिन्ही वस्तू जेनिशबाइकेंच्या सीटखाली आहेत, कांबळ्यात गुंडाळून. त्यांना सांगितलंय की हे खाण्याचं नाही.

दुर्बीण सोव्हिएत काळातली आहे. आठ पट, चाळीस मिलिमीटरची भिंगं. चार दुर्बिणी पारखून ही निवडली. प्रत्येकीतून समोरच्या इमारतीच्या छपराची कड बघायची आणि मग हळूहळू ती डोळ्यांपासून लांब न्यायची. दोन नळ्यांत छप्पर एका रेषेत राहिलं तर ठीक, एक बाजू वर सरकली तर सोडून द्यायची. तसली दुर्बीण पाच मिनिटं बरी वाटते आणि तासाभराने डोकं ठणकायला लावते. एक फार देखणी होती, कातडी पेटीसकट. छप्पर वाकडं निघालं, ठेवून दिली.

नळी मिळाली ती जुन्या बाजारात, जिथे लोक जमिनीवर चादर पसरून घरातलं विकतात. ल्युद्मिला पावलोव्ना नावाच्या बाई आहेत, तीस वर्षं नेमबाजी शिकवली. लांबच्या कागदावर गोळी कुठे लागली ते त्या या नळीतून बघायच्या. आता मुलाकडे रशियात चालल्यात. मी किंमत विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, कशाला हवी? मी तुमचं सांगितलं. मग तासभर माझी परीक्षा घेतली आणि पास केलं. तीस पट, पुढचं भिंग सत्तर मिलिमीटर, धातूची, उचलली की हात खाली जातो. दणदणीत हवी होती ना तुम्हाला?

भिंगावर नखाएवढा ओरखडा आहे. त्यापायी कोणी घेत नव्हतं, म्हणून आपल्याला परवडली. बघताना तो दिसत नाही. तुर्गुनबाइकेंना बाहेरून ओरखडा दिसेल, त्यांना म्हणावं आतून बघा.

आतलं वंगण जुनं होतं, थंडीत गोठून चक्र फिरेनासं झालं असतं. मी दुकानात उघडून साफ केलं आणि भिंगं घासायच्या यंत्राचं पातळ वंगण भरलं. मग शेजारच्या खाटकाच्या बर्फपेटीत दिवसभर ठेवली. संध्याकाळी चक्र लोण्यासारखं फिरलं. तिपाई रस्ते मोजणाऱ्यांची आहे, लाकडी, जड. जड असावी म्हणूनच घेतली. सहा हजारांतले शंभर सोम उरले, पाकिटात आहेत.

आता तुमच्या हातात.

बुरुलचा


उच-बुलाक, १८ ऑक्टोबर

बुरुलचा,

तू फसलीस. मला लिहायला लाज वाटते, पण फसलीस.

दुर्बीण बरी आहे. चांगली आहे. पण नळीत डोंगर श्वास घेतो. खरं सांगतो, वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. मंडळातल्या सगळ्यांना दाखवलं. प्रत्येकाच्या खोगिरावर ठेवून पाहिली. माझ्या तोरूवर तशीच, तुर्गुनच्या घोडीवर तशीच, तिच्यावर तर आणखी जोरात. भरदुपारी तर खडक उकळत्या हंड्यातल्या मांसासारखे थरथरतात. काल चार तास बघून नऊ बोकड मोजले. नऊ. पस्तीस हवेत.

तिपाई गोठ्यात टाकली आहे, तिचं काय काम ते कळत नाही. ओरखड्याबद्दल तुर्गुनने काय काय म्हटलं ते बायकामाणसाला लिहिण्यासारखं नाही. ती म्हातारी तुला गंडवून रशियात पळाली असेल. मंडळ म्हणतंय, नळी परत देऊन लाल भिंगवाली आणा, निदान आकडा तरी मोठा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. महिना राहिला आहे आणि माझं डोकं चालत नाही. दरी गेली तर माझ्यामुळे गेली असं होईल.

शारशेन


बिश्केक, २५ ऑक्टोबर

आदरणीय तायाके,

तुमचं पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि ल्युद्मिला पावलोव्नांकडे गेले. त्या पळाल्या नाहीत, त्यांचा माल बांधून व्हायचाय. पत्र रशियनमध्ये करून सांगितलं. डोंगर श्वास घेतो इथपर्यंत त्या गंभीर होत्या. खोगिराचं ऐकलं आणि खुर्चीचे हात धरून हसत सुटल्या.

तायाके, एक करा. नळी तोरूच्या खोगिरावर ठेवा आणि एका मिनिटात डोंगर किती वेळा वर-खाली होतो ते मोजा. मग नळी बाजूला ठेवा, तोरूच्या बरगडीवर तळहात ठेवा आणि एका मिनिटात त्याचे श्वास मोजा.

डोंगर श्वास घेत नाही. घोडा घेतो. आठ पटीच्या दुर्बिणीत ते कळत नाही, तीस पटीत हाताच्या बोटाएवढी हालचाल सुद्धा आख्खा कडा हलवते. आपल्याकडे लोकांनी पिढ्यानपिढ्या घोड्यावरूनच बघितलं, म्हणून अठरा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, मी त्याच गावची. कुठून बघणार विचारलं तेव्हा तुम्ही नेहमीच्या जागेवरून लिहिलंत आणि मी समजले की खडकावरून.

तिपाई गोठ्यातून काढा. घोड्यावरून उतरा. खाली बसा, तिपाईचे पाय पसरून जमिनीत दाबा. आधी दुर्बीण तिपाईवर ठेवा आणि डोंगर पट्ट्यापट्ट्यांनी वाचा, डावीकडून उजवीकडे, मग एक बोट खाली. जे काही खडकासारखं वाटत नाही, त्यावर नळी लावा. दुपारी खडक थरथरतात ते उन्हाने हवा तापते म्हणून, त्यावर इलाज नाही, तीन वाजेपर्यंत थांबा.

नळी परत करू नका. लाल भिंगाचं नाव काढलंत तर मी गावात येणार नाही.

बुरुलचा


उच-बुलाक, १ नोव्हेंबर

बुरुलचा, बाळ,

तुझ्या तायाकेला माहीत नाही मी लिहितेय. जेनिशला हे पत्र त्याच्या टोपीत ठेवायला सांगितलंय.

तुझं पत्र वाचून त्याने तोरूवर बसूनच मोजलं. डोंगर बारा वेळा, घोडा बारा वेळा. मग इतका हसला की मला वाटलं ठसका लागून जाईल. पण खाली उतरला नाही. आता का ते सांगते.

मे महिन्यात दुर्बीण एकटी पडली नाही. ती त्याच्या गळ्यातच होती. घसरड्या दगडांवरून दोघं मिळून खाली आले. तेव्हापासून उजवं कंबरेचं हाड गेलंय. घोड्यावर आहे तोवर तो खान आहे. उतरायचं म्हटलं की मला गोठ्याचं दार लावून, स्टूल ठेवून, खांदा देऊन उतरवावं लागतं. चढवतानाही तसंच. सहा महिने झाले, गावात कोणाला कळू दिलं नाही. म्हणून तो सगळ्या बैठकांना घोड्यावरून जातो आणि घोड्यावरूनच परत येतो. लोक म्हणतात, शारशेनबाइकेला केवढी घाई.

त्याला भीती आहे की पाय गेल्याचं कळलं तर प्रमुखपद तुर्गुनला देतील. तुर्गुन मनाने वाईट नाही, पण त्याला बोकड आणि झुडूप यांत फरक कळत नाही. आणि समितीसमोर, त्या एर्मेकसमोर, मला बायको खांदा देऊन उतरवणार, हे मला मेलो तरी नको, असं म्हणतो.

परवा गोठ्याच्या दारात मी त्याला स्टुलावर बसवलं आणि तिपाई समोर मांडली. त्याने नळीला डोळा लावला आणि चक्र हळूहळू फिरवलं. मग म्हणाला, सुयुमकान, त्याचा कान हलतोय. समोरच्या कड्यावरच्या बोकडाचा कान. मी चहा ओतायचा विसरले.

तू लिही त्याला. माझं नाव न घेता लिही.

तुझी तायजेंगे


बिश्केक, ८ नोव्हेंबर

आदरणीय तायाके,

ल्युद्मिला पावलोव्ना काल गेल्या. जाताना म्हणाल्या, तुझ्या मामाला सांग, तीस वर्षं मी खुर्चीवर बसून नळीतून बघत होते. माझे विद्यार्थी मोठ्या स्पर्धांना गेले. मला पळता येतं का हे एकानेही विचारलं नाही, मला फक्त विचारायचे, गोळी कुठे लागली.

मी लहान तोंडी मोठा घास घेते, रागवा. तुम्हाला वाटतं गावाला तुमची घोड्यावरची बैठक हवी आहे. गावाला तुमचे डोळे हवे आहेत. अठरा जणांनी सहा हजार सोम घोडा घ्यायला दिले नाहीत, बघायला दिले. वीस तारखेला तुम्ही खोगिरावरच राहिलात तर एर्मेकला काही करावंच लागणार नाही, तुमचा तोरूच त्याला दरी मिळवून देईल.

कसं उतरायचं ते तुम्ही ठरवा. पण उतरा. मी इथे वीस तारखेला दिवसभर एकही भिंग नीट घासू शकणार नाही.

बुरुलचा


उच-बुलाक, २२ नोव्हेंबर

बुरुलचा,

जेनिशला आधी काहीतरी दे, आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. दिलंस? आता वाच.

त्रेचाळीस. त्यात सात नर दहा वर्षांवरचे. दरी आपली. दहा वर्षांसाठी, शिक्क्यानिशी.

सगळं सांगतो, नाहीतर मला झोप लागायची नाही. समिती बाराला आली, तीन जण. अध्यक्ष ओस्मोनाली आक्साकाल, पांढरी दाढी पोटापर्यंत, बाकी दोघे शहरी बूटवाले. नदीपासून जीप पुढे जात नाही म्हणून त्यांना घोडे दिले. एर्मेकने मात्र आपली जीप नदीत घालून पलीकडे काढली, नळी जीपच्या टपावर बसवली आणि आत ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलं. मी बघितलं आणि मनात म्हटलं, माझ्या घोड्याचे श्वास बारा, तुझ्या घोड्याचे किती? तो साठ पट लावून भरदुपारी कडा चाळत बसला. तासाभराने त्याने अकरा सांगितले आणि म्हणाला, दरी रिकामी आहे, आमच्या हातात दिली तर आम्ही जनावरं वाढवू.

मी घोड्यावरून उतरलो, तिपाई मांडली आणि बसलो.

तीन वाजेपर्यंत फक्त दुर्बीण. डावीकडून उजवीकडे, एक बोट खाली. बूटवाले हातावर हात चोळत होते. तुर्गुन माझ्या मागे उभा राहून कुजबुजला, बाइके, सांगा ना काहीतरी, त्रेपन्न सांगा, कोण वर जाऊन बघणार आहे. मी म्हटलं, गप्प बस. तीनला ऊन तिरपं झालं. पाचव्या पट्ट्यात एक काळी रेघ दिसली, झुडपाच्या फांदीसारखी, पण फांदी दोन्ही बाजूंना सारखी वाकत नाही. नळी लावली. शिंगं. त्याच्यामागे दुसरा. मग सावलीतून माद्या अशा निघाल्या की मोजायला बोटं कमी पडली. थंडीत चक्र तू म्हणालीस तसं लोण्यासारखं फिरलं.

प्रत्येक कळपावर नळी रोखून मी बाजूला सरकत होतो आणि समितीतला एकेक जण डोळा लावत होता. सर्वात मोठ्या नराच्या शिंगावरची वर्षांची वळी आक्साकालने स्वतः मोजली, मोठ्याने. अकरा. सगळी दरी ऐकत होती. एर्मेक मग आपली नळी घेऊन आला आणि म्हणाला, माझी तिपाईवर लावून बघू का? मी म्हटलं, बघ. मी पण त्यातून बघितलं. खोटं बोलत नाही, त्याची काच आपल्यापेक्षा चांगली आहे, केस न् केस दिसतो. पण कुठे बघायचं ते तिला सांगावं लागतं. त्याने मोजले आणि त्यालाही त्रेचाळीसच मिळाले. त्याने समितीसमोर मान्य केलं. माणूस म्हणून वाईट नाही.

तुर्गुनने ओरखड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, हा पुसायचा नाही, मंडळाची निशाणी आहे.

मी खुश आहे, बुरुलचा. इतका खुश मी तू जन्मलीस त्या दिवशी होतो. चष्म्याच्या दुकानातली म्हणून मी तुला चिडवायचो, आता कोणी चिडवलं तर त्याने माझ्याशी बोलावं.

तुझा तायाके


उच-बुलाक, २६ नोव्हेंबर

बुरुलचा, बाळ,

त्याने तुला लिहिलं असेल, मी घोड्यावरून उतरलो. तीन शब्द. मी तिथे होते, समितीचा चहा घेऊन गेले होते. पूर्ण ऐक.

एर्मेक अकरा म्हणाला तेव्हा सगळे आपापल्या घोड्यांवर होते. सगळ्यांच्या नजरा तुझ्या तायाकेवर. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, सुयुमकान, ये. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाला, माझा पाय मे महिन्यातच गेलाय, मला एकट्याला उतरता येत नाही, मला उतरवा. इतक्या वर्षांत त्याने कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी किटली खाली ठेवून निघाले, पण माझ्या आधी ओस्मोनाली आक्साकाल आपल्या घोड्यावरून उतरले. सत्तरीचा माणूस. चालत आले, एका हाताने तोरूचा लगाम धरला आणि दुसऱ्या हाताने रिकीब. मान्यवर पाहुणा दारात आला की घरचा माणूस धरतो तशी. म्हणाले, उतरा, शारशेनबाइके, तुमचीच वाट बघत होतो. तुर्गुनने एक खांदा दिला, मी दुसरा. आमच्या तिघांच्या आधाराने तो खाली आला आणि मी बघितलं तर एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

आणि मग, आक्साकाल जमिनीवर उभे असताना घोड्यावर कोण बसून राहणार? मंडळातले सगळे उतरले. बूटवाले उतरले. सगळ्यात शेवटी एर्मेकने जीपचं इंजिन बंद केलं आणि तोही खाली आला. इंजिन थांबलं तसं नदीचं पाणी ऐकू येऊ लागलं. मग तुझा तायाके मोजायला बसला.

मला वाटलं होतं, प्रमुखपदाचं दुसऱ्या दिवशी निघेल. निघालं. तुर्गुननेच काढलं. म्हणाला, शारशेनबाइके बघतील, आम्ही चढू, याहून सोपं काही नाही, आणि बैठकीत सगळे हो म्हणाले. आता तुझा तायाके दिवसाढवळ्या अंगणात उतरतो. जो जवळ असेल तो खांदा देतो. काल पोस्टमनने दिला.

आज सकाळी पलीकडच्या दरीची चार माणसं आली होती. त्यांची मोजणी मार्चमध्ये आहे. त्यांच्याकडेही कंपनी आली आहे. चहा झाला, मांस झालं, आणि त्यांच्यातला थोरला म्हणाला, शारशेनबाइके, तुम्ही आमच्याकडे यायला हवं, नळी घेऊन. तुमच्यासाठी जागा कुठे करू, वर खडकावर की खाली नदीकाठी?

मी किटली हातात धरून दाराशीच थांबले. तो भाकरीचा तुकडा चहात बुडवत म्हणाला, खाली करा. स्टूल माझं मी आणीन.

तुझी तायजेंगे,
सुयुमकान